निकम सरांच्या सायकल-घंट्या

निकम सर जेवायला बसले की भाकरी मोडायच्या आधी समोरच्या माणसाला मोडत. ताट पुढं आलेलं असायचं, आमटीतून वाफ निघत असायची, आणि हा माणूस समोरच्या पाटावरच्या पाहुण्याला विचारायचा, "जगातलं सर्वांत मोठं वाळवंट कोणतं?" पाहुणा बिचारा दिवसभर ऊन खाऊन आलेला. तो म्हणायचा, "आपलं माण." सगळे हसायचे. सर हसायचे नाहीत. "सहारा," म्हणायचे आणि मग पहिला घास घ्यायचे. दुसऱ्याला येत नाही याची खात्री पटल्याशिवाय त्यांना भूक लागत नसे, असं माझं तेव्हा मत झालं होतं आणि ते आजही आहे.

मध्यंतरी वडूजच्या शाळेत त्यांच्या फोटोला हार घातला. मलाही चार शब्द बोलायला बोलावलं होतं, कारण सर माझ्या खानावळीत कित्येक वर्षं जेवले. मी गेले नाही. मी बोलले असते तर हार उतरवावा लागला असता. म्हणून लिहिते. लिहिलेलं ज्याला वाचायचं नाही त्याला वाचावं लागत नाही.

वडूजला एस. टी. स्टँडच्या मागं माझी खानावळ होती. नवरा लवकर गेला. मला चौथीपर्यंतचं लिहिता-वाचता येत होतं आणि स्वयंपाक येत होता. पोट स्वयंपाकावर भरलं. मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर, गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर, तालुक्याला कामासाठी आलेली माणसं आणि हायस्कूलचे एकटे राहणारे मास्तर, असे जेवायला असत. निकम सर त्यांतले. अंगानं वाळकुडे, टेरिलीनचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि काखेत सामान्य ज्ञानाचं जाड पुस्तक. पुस्तकाला खाकी कव्हर घातलेलं होतं. देवळात जाताना चप्पल बाहेर काढतात, पण पुस्तक ते आत नेत.

त्या काळात शाळाशाळांत सामान्य ज्ञानाच्या स्पर्धांचं खूळ आलं होतं. राजधान्या कोणत्या, शोध कुणी लावले, कुठल्या देशाचं नाणं कोणतं. मुलं घोकायची, मास्तर मिरवायचे. वडूजच्या हायस्कुलात हे खूळ निकम सरांनी आणलं. आणलं तर आणलं. पण त्यांना सगळं जग या स्पर्धेसाठीच चाललंय असं वाटायचं. म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं तेव्हा ते चार दिवस चिडलेले होते. "वर्ष सुरू व्हायच्या आधी बदललं असतं तर काय झालं असतं? पोरांनी घोकलेलं वाया गेलं ना!" कुठल्या देशात कुणी पंतप्रधान मेला तर वर्तमानपत्र आपटायचे. मेलेल्याचं काही नाही. उत्तर बदललं, याचा राग.

बांगलादेशाची लढाई चालली होती तेव्हाची गोष्ट आहे. माझ्या शेजारी इंदूवहिनी राहायच्या. त्यांचा नवरा फौजेत होता आणि त्या वेळी तिकडंच होता. रेडिओ माझ्याकडं होता म्हणून बातम्यांच्या वेळी त्या आणि गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी येऊन बसायच्या. ज्या दिवशी शरणागतीची बातमी आली त्या दिवशी निकम सर पाटावरून उठून उभे राहिले. मला वाटलं, माणसाला आनंद झाला. झालाच होता. हाताची बोटं मोडत म्हणाले, "नवा देश! म्हणजे नवी राजधानी, नवं नाणं, नवा झेंडा. तीन प्रश्न मिळाले."

इंदूवहिनींनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "सर, आमचं मालक तितंच हायती. त्यांचं काय झालं, ह्यो चौथा प्रश्न घाला."

सर खाली बसले आणि मला म्हणाले, "मावशी, जरा मीठ." त्यांना लाज वाटली असेल असं आमच्या कंपाउंडरचं म्हणणं. मला तसं दिसलं नाही. मीठ घेऊन जेवले पोटभर. इंदूवहिनींचे मालक पुढं धडधाकट परत आले. पण सरांनी कधी विचारलं नाही.

एकदाच त्यांची जिरली, ती एका कंडक्टरनं जिरवली. कोरेगावचा होता, तोंडानं तिखट. सरांनी त्याला दोन-तीन प्रश्न घातले, त्याला एकही आला नाही. मग त्यानं आमटीची वाटी उचलली. "सर, आता मी इचारू? ही आमटी कशाची हाय?"

सर तीच आमटी दुसऱ्यांदा घेऊन ओरपत होते. वाटीत बघितलं. "डाळीची."

"कंच्या डाळीची?"

"हे सामान्य ज्ञानात येत नाही."

"हुलगं हाय त्ये. अख्खा तालुका हेच खातो. मग सामान्य म्हंजी कुणाचं वो, तुमचं सामान्य ज्ञान?"

दुसऱ्या दिवशी सर त्या कंडक्टरच्या वेळेला जेवायला आले नाहीत, तास-दीड तास थांबून आले.

आता हौसाचं लिहिते. या सगळ्यात माझं जे काही म्हणणं आहे ते हौसापायी आहे.

हौसा धनगराची पोर. बाप बिरू, माणदेशाकडचा. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णेच्या काठाला उतरायचा, पावसाच्या तोंडाला परत यायचा. पोरगी शाळेत हुशार निघाली म्हणून तिला फिरतीवर न नेता माझ्याकडं ठेवलं होतं. सकाळ-संध्याकाळ भाकऱ्या थापायला मदत करायची, मधल्या वेळात शाळा. नववीत होती. बोलायची कमी. काही विचारलं तर आधी ऐकून घ्यायची, जरा थांबायची, मग बोलायची. मेंढरांमागं वाढलेली माणसं अशीच असतात, घाई करून मेंढरू ऐकत नाही.

एका संध्याकाळी सरांनी पंगतीला एक प्रश्न टाकला. कसला ते मला आठवत नाही, कुठल्या तरी देशाच्या राजधानीचा. आतून, तव्यापासून उत्तर आलं. सर चमकले. दुसरा टाकला. आतून उत्तर. तिसरा टाकला, तेही. हौसा बाहेरही आली नव्हती, भाकरी थापता थापता बोलत होती. त्यात जादू काही नव्हती. हा माणूस रोज तेच तेच प्रश्न पाहुण्यांना विचारायचा आणि मग स्वतःच उत्तरं सांगायचा, पोरीच्या कानावर वर्षभर पडत होतं. पण ध्यानात राहिलं हे खरं, आणि एवढं ध्यानात राहणारं दुसरं कुणी शाळेत नव्हतं हेही खरं.

सरांनी तिला स्पर्धेला घेतली. जोडीला दुकानदाराचा विलास. एक गोष्ट मी त्यांच्या पदरात टाकते. धनगराच्या पोरीला स्टेजवर बसवायची म्हटल्यावर शाळेत नाकं मुरडली गेली, तेव्हा सर कुणाला बधले नाहीत. त्यात पोरीची माया होती असं नाही. त्यांना जिंकायचं होतं. पण घेतली.

स्पर्धा सांगलीतल्या एका संस्थेची होती. आधी जिल्ह्याची फेरी साताऱ्याला, मग शेवटची सांगलीला. जिंकणाऱ्या जोडीला ती संस्था आपल्या वसतिगृहात मॅट्रिकपर्यंत ठेवून घेणार होती, राहणं-जेवण-शाळा सगळं. सरांना त्याचं काही नव्हतं, त्यांना बक्षिसाची ढाल हवी होती. हौसाला मात्र त्याचंच होतं. कारण त्या वर्षी दिवाळीला बिरू निघाला तेव्हा मला सांगून गेला होता, "मावशे, ह्या साली शिकू दे. म्होरल्या साली न्हेतो. कवठ्याकडलं ठिकाण आलंय."

मी म्हटलं, "अरे, माझ्याकडं राहतीया की. राहू दे अजून दोन सालं."

"तुज्याकडं भाकरीच थापती न्हवं? मग सासरी थापंल."

मी त्याला वसतिगृहाचं सांगितलं. त्यानं चिलीम विझवली. मग म्हणाला, "सांगलीवालं आपनहून ठेवून घेत असतील तर पुरगीत कायतरी असंल. तसा कागद आला तर मी न्हाई आडवत. बिरोबाची आन."

हौसा दारात उभी होती, तिनं ऐकलं. त्या दिवसापासून ती भाकरी थापताना ओठ हलवत घोकायची.

आता सरांची शिकवण्याची रीत सांगते. त्यांनी दोन जुन्या सायकलींच्या घंट्या आणल्या आणि फळीवर स्क्रूनं बसवल्या. स्पर्धेत आधी घंटी वाजवेल त्याला उत्तर द्यायचा मान. सर म्हणायचे, "उत्तर सगळ्यांना येतं. घंटी आधी कोण वाजवतो, त्यावर ढाल." म्हणून त्यांनी नियम केला, प्रश्न पुरा ऐकायचा नाही. पहिले तीन शब्द ऐकले की वाजवायची. सगळे प्रश्न त्याच पुस्तकातले असतात, तीन शब्दांवरून पुढचं ओळखता आलं पाहिजे. संध्याकाळी माझ्या खानावळीच्या ओसरीवर सराव चालायचा. सर म्हणायचे, "टेलिफोनचा शोध कोणी..." आणि खण्ण! "वनस्पती हवेतील कोणता..." खण्ण! स्टँडवरची माणसं सायकल आली म्हणून बाजूला सरायची.

विलासला ते जमायचं. हौसाला जमत नव्हतं. तिचा हात घंटीवर असायचा, पण ती शेवटपर्यंत ऐकायची.

"सर, पुरं ऐकू का?"

"पुरं ऐकलंस की सांगलीचं पोर आधी वाजवील."

"पर प्रश्न कंचा हाय ह्ये ऐकल्याबिगार..."

"तुला विचार करायला नाही घेतली. वाजवायला घेतली आहे."

मी आतून म्हटलं, "सर, पोरगी बरोबर बोलतीया."

"मावशी, तुम्ही भाकरीकडं बघा."

साताऱ्याला काय झालं ते विलासनंच परत येऊन सांगितलं. "जगातील सर्वांत उंच" एवढं कानावर पडल्याबरोबर त्यानं घंटी वाजवली आणि छाती काढून "एव्हरेस्ट" म्हणाला. प्रश्न होता, जगातील सर्वांत उंच प्राणी कोणता. सगळं सभागृह हसलं. गुण कापले. तरी हौसाच्या उत्तरांवर जोडी पुढच्या फेरीत गेली. सरांनी यातून काय शिकावं? ते प्रश्न काढणाऱ्यांना शिव्या घालत आले. "पर्वत सोडून प्राणी विचारायचं कारण काय?" आणि हौसाला म्हणाले, "तू फार सावकाश आहेस. सांगलीत असं केलंस तर बघ."

सांगलीला पोरीबरोबर बाईमाणूस पाहिजे म्हणून मला जावं लागलं. खानावळ एक दिवस बंद ठेवली. मायणी, विटा, तासगाव करत गाडी गेली. सगळी वाट सर तीन-तीन शब्द टाकत होते आणि पोरं गुडघ्यावर बोट आपटत होती. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं मागं वळून विचारलं, "पोरास्नी काय झालंय वो?"

हॉल भरलेला. स्टेजवर दोन टेबलं, एकीकडं सांगलीची जोडी, एकीकडं आमची. मधे परीक्षक, एक वयस्कर बाई, नऊवारी पातळ, जाड चष्मा. त्या पेटीतून एकेक कार्ड काढून सावकाश वाचायच्या. त्यांचं सावकाश वाचणं हौसाला मानवलं. सांगलीची पोरं चुकली, विलास चुकला, हौसा चुकली नाही. शेवटी दोन्ही जोड्यांचे गुण सारखे झाले आणि एक प्रश्न उरला.

सर आणि मी पहिल्या रांगेत होतो. सरांच्या दोन्ही मुठी आवळलेल्या. बाईंनी कार्ड काढलं.

"भारतातील कोणत्या नदीला..."

तीन शब्द झाले. बाईंनी श्वास घेतला. सांगलीच्या पोरांनी घंटी वाजवली नाही. हौसानंही नाही, ती बाईंच्या तोंडाकडं बघत होती. तेवढ्यात सर उभे राहिले आणि ओरडले, "हौसा, वाजव! वाजव की!"

बाईंनी कार्ड पालथं केलं आणि चष्म्यावरून खाली बघितलं. नियम आधीच वाचून दाखवला होता, प्रेक्षकांतून ज्या शाळेचं कुणी बोलेल तिची जोडी बाद. तरी त्या बाईंत माणुसकी होती. म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही उत्तर सांगितलं नाही, हे मला दिसतंय. भावनेच्या भरात बोललात. चूक झाली एवढं म्हणा, मी दुसरा प्रश्न घेते. मुलांचा काही दोष नाही."

तीन शब्दही लागत नव्हते. दोनच होते.

सर म्हणाले, "चूक कशी? 'वाजव' हे उत्तर आहे का? नियमात उत्तर सांगू नये असा अर्थ आहे."

"बोलू नये असं लिहिलंय, गुरुजी."

"मग लिहिणाऱ्याचं चुकलं. आणि चुकांचंच काढायचं तर मघाशी तुम्ही एका शास्त्रज्ञाचं नाव चुकीचं घेतलंत. मी तेव्हा बोललो नाही."

मी त्यांचा शर्ट ओढला. "सर, म्हणा की चूक झाली. तोंड झिजतंय का? पोरीचं बघा."

"मावशी, तुम्हाला यातलं कळत नाही."

मी स्टेजकडं बघितलं. हौसा उभी राहिली होती. ती सरांकडं बघत होती. विनवणी नव्हती, रडू नव्हतं, ती नुसती वाट बघत होती, जशी प्रश्न संपायची बघायची तशी. बाईंनी आणखी एकदा विचारलं. सरांनी उत्तराऐवजी त्यांनाच विचारलं, "सूचना आणि उत्तर यांतला फरक सांगा पाहू?" पंगतीतल्या पाहुण्याला विचारत तसं. हॉलमधलं कुणी तरी हसलं. बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी ते पालथं कार्ड तसंच पेटीत टाकलं, झाकण लावलं आणि वडूजची जोडी बाद म्हणून जाहीर केलं.

परतीच्या गाडीत सर तासगावपासून विट्यापर्यंत शेजारच्यांना नियम समजावून सांगत होते. विट्याला ते लोक उतरले, नवे चढले, मग मायणीपर्यंत नव्यांना. सगळ्यांनी माना डोलावल्या. सांगलीवाल्यांनी मुद्दाम स्वतःचीच पोरं पुढं काढली, असं ठरलं. वडूजला पोचेपर्यंत सरांचा विजयच झाला होता म्हणा ना. विलास शेंगा खात होता, त्याच्या बापाचं दुकान जागेवर होतं. हौसा खिडकीला बसली होती. घरी आल्यावर तिनं पीठ चाळायला घेतलं.

बिरू पावसाच्या तोंडाला आला. "सांगलीचा कागद आला?"

"नाही आला."

"पुरगी चुकली?"

"पोरगी नाही चुकली. मास्तर मधेच बोलला, म्हणून बाद केली."

"आवं, मग मास्तरला बाद करायचा. पुरगीला का केली?"

शहाण्यासुरत्यांनी भरलेल्या त्या हॉलमध्ये हे कुणाला सुचलं नव्हतं. पण सुचून उपयोग काय? ठिकाण ठरलेलं होतं आणि त्याची आण कागदापुरती होती.

मी त्यांना गावाच्या कडेपर्यंत सोडायला गेले. पुढं मेंढरं, घोडीवर बिऱ्हाड, मागं बापलेक. वाट हायस्कूलवरून जाते. शाळा नुकतीच उघडली होती. व्हरांड्यात निकम सर नव्या जोडीला घेऊन बसले होते, फळी मांडून. मेंढरांनी रस्ता भरला म्हणून त्यांनी वर बघितलं. हौसा कुंपणापाशी गेली. सर उठून आले.

"निघालीस?"

"व्हय, सर." ती थोडी थांबली. "सर, त्यो शेवटचा प्रश्न काय हुता?"

सरांनी पापणी हलवली नाही. "भारतातील कोणत्या नदीला 'बिहारचे दुःखाश्रू' म्हणतात? कोसी."

मी पहिल्या रांगेत बसले होते. कार्ड पालथं होऊन पेटीत गेलं होतं, पुढचं कुणीच ऐकलं नव्हतं. या माणसाच्या डोक्यात नद्यांचे ढीगभर प्रश्न होते. तिला न येणारा एखादा सांगता आला असता. पोरगी म्हणाली असती, तसंही आलं नसतं, आणि मोकळी झाली असती. एवढं साधं या माणसाला सुचलं नाही. तोंडाशी जो आला तो ठेवून दिला.

"ह्ये मला येत हुतं," हौसा म्हणाली.

"येतच होतं. मीच घोकून घेतलं होतं," सर म्हणाले, आणि परत फळीकडं गेले. निकम सरांचं मला दिसलेलं खरं रूप ते तेवढंच, पांढऱ्या टेरिलीनची पाठ. पुढं कित्येक वर्षं ते माझ्याकडं जेवले, पण मी त्यांच्या तोंडाकडं बघून वाढलं नाही.

ओढा ओलांडला तेव्हा हौसा काही तरी पुटपुटत होती. बिरूनं मेंढरांना हाळी देता देता विचारलं, "कोन गं कोसी?"

"नदी हाय, आबा. बिहारची."

"मग तिचं काय?"

"काय न्हाई," ती म्हणाली. "मला म्हाईत हुती."